जुन्या स्विचचं फर्मवेअर: गणपतीच्या सुट्टीत उरकायचं की हात लावायचा नाही?

खाजणवाट
रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात नेटवर्क बघतो. लायब्ररीच्या रॅकमध्ये २४ पोर्टचा सिस्को कॅटॅलिस्ट २९६० स्विच (कॉम्प्युटर केबलने नेटवर्कला जोडणारा डबा) आहे, त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, आयओएस १२.२(५५). कंपनीचा सपोर्ट कधीच संपलाय. नव्या आवृत्तीची, १५.० ची फाइल रीतसर मिळालेली आहे, आणि गणपतीत कॉलेज रिकामं असतं. माझं मत, चढवून टाकावं. या स्विचवर स्मार्ट इन्स्टॉल (नवा स्विच दुरून सेट करायची सोय) आपोआप चालू असतं, ४७८६ पोर्टवर. त्याच वाटेने शिरून हॅकरांनी एप्रिल २०१८ मध्ये इराण-रशियातल्या स्विचचे कॉन्फिग (सेटिंग) पुसले होते. शिवाय नव्या लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून शिरायची सुरक्षित वाट) लागत नाही, म्हणून आमच्याकडे सगळे टेलनेटने शिरतात, ज्यात पासवर्डही उघडा जातो. कोणाचा विरोध असेल तर आत्ताच बोला.

काजूबी
माझा आहे. चालत्या गाडीला खीळ कशाला? स्मार्ट इन्स्टॉलची भीती असेल तर ते बंद करायची कमांड ‘नो व्हीस्टॅक’ लिहा, सेव्ह करा, विषय संपला. टेलनेट बंद करा. एसएसएचसाठी लॅपटॉपवर त्या एका स्विचपुरत्या जुन्या की-एक्स्चेंज आणि सायफर (एन्क्रिप्शनच्या) पद्धती चालू करता येतात, दोन-तीन ओळींचं काम. आमच्या इथे एका बर्फाच्या कारखान्यात असाच उत्साह केला होता. अपग्रेडनंतर स्विच उठलाच नाही. मासळीच्या गाड्या दारात उभ्या आणि वजनकाट्याची पावती निघेना. शेठ काय बोलले ते इथे लिहीत नाही.

कन्सोलकेबल
काजूबी, तो का उठला नाही? फाइल अर्धवट होती, की मध्येच लाईट गेली?

काजूबी
लाईट गेली. यूपीएस होता, बॅटरी मेलेली.

कन्सोलकेबल
मग दोष फर्मवेअरचा कसा? ‘रीलोड’ने वीज तुटत नाही, तो नुसता पुन्हा बूट होतो. जुन्या पॉवर सप्लायला खरा धोका वीज जाऊन परत येते तेव्हा, आणि ते आपल्याकडे जून-जुलैत दिवसाला चार वेळा होतं. मरायचाच असेल तर तो परीक्षेच्या दिवशी मरेल, तुमची सुट्टी बघून नाही.

आणि ‘नो व्हीस्टॅक’चं म्हणाल तर १२.२(५५) च्या सुरुवातीच्या काही बिल्डमध्ये ती कमांडच नाही. तिथे एसीएल (कोणाला आत सोडायचं याची यादी) लावून ४७८६ अडवावा लागतो.

खाजणवाट, करा, पण घाईत नको. फ्लॅश (स्विचची साठवण) ३२ एमबीचीच आहे, म्हणून आधी ‘शो फ्लॅश’ बघा. जागा पुरत नसेल तर वेब पानांसकटची टार फाइल सोडा, नुसती बिन फाइल चढवा. जुनी इमेज (आधीची फर्मवेअर फाइल) पुसू नका. फाइल शाबूत आहे का ते दाखवणारा ‘व्हेरिफाय एमडी५’ चा आकडा कंपनीच्या साइटवरच्या आकड्याशी जुळला तरच ‘बूट सिस्टम’, म्हणजे कोणत्या फाइलवरून उठायचं ते, बदला. सगळंच फसलं तर एक्समोडेम (स्विचला थेट जोडलेल्या कन्सोल केबलवरून फाइल चढवायची पद्धत) आहे, पण ९६०० च्या वेगाने दहा-बारा एमबीला तीन तासांच्या वर लागतात. आधी ‘सेट बॉड ११५२००’ करा, पाव तासाचं काम होतं. मी एकदा ९६०० वरच बसलो होतो, आरती, जेवण आणि भजनाची पहिली बारी एवढं सगळं उरकून आलो तरी टक्के सरकतच होते.

सुरंगी
माझ्याकडे जुने एचपी प्रोकर्व्ह आहेत. त्यांत प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन फ्लॅश, नवी एकीत टाकायची, बिघडलं तर दुसरीवरून उठवायचं. त्यामुळे मी बेधडक करते. २९६० मध्ये ती सोय नाही, तेव्हा कन्सोलकेबलचं ‘करा’ मला जरा स्वस्तातलं वाटतं. कन्सोलवरून आत शिरता येतंय का, हे कोणी विचारलंच नाही.

काजूबी
हेच म्हणतोय. चालता हा तर हात कित्याक लावूचो?

खाजणवाट
आज जाऊन बघितलं. कॉन्फिग उतरवून घेतला. ‘नो व्हीस्टॅक’ स्विचने घेतलं नाही, म्हणून एसीएल लावला. मग कन्सोलची केबल जोडली तर स्क्रीनवर काहीच नाही. टॉर्च मारला: पोर्टमधल्या पिना हिरव्या पडल्यात. लायब्ररीची खिडकी खाडीकडे आहे आणि रॅकला दार नाही. टेलनेटने अजून जाता येतं, पण अपग्रेड फसला तर स्विचकडे जायला वाटच नाही.

कन्सोलकेबल
मग नको. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने आधी पिना साफ करून बघा. प्रॉम्प्ट आला तर बोलू.

सुरंगी
आणि रॅकला दार लावा हो!