भक्ती, भात आणि 'गूढवाद'

नागपूरच्या महाल भागातून प्रश्न : वाचनगटासाठी तौलनिक धर्माभ्यासावरचं एक इंग्रजी टिपण मराठीत आणून राहिलो आहोत. 'डिव्होशनल मिस्टिसिझम'ला 'भक्तिपर गूढवाद' केलं, पण दोन शब्द एका पंगतीत बसेनात. ताई, काका, काही सुचतं का?

धंतोलीच्या ताई : बसतील कसे? 'गूढ' आला 'गुह्' धातूवरून, म्हणजे लपवणे. गुहा, गुह्य त्याच घरचे. ग्रीक 'मिस्टिकोस'ही डोळे-ओठ मिटण्याच्या क्रियापदाशी जोडतात. 'भक्ती' मात्र 'भज्'ची लेक. भज् म्हणजे वाटणे, वाटा घेणे, मग सेवणे, अनुरक्त होणे. भाग, विभक्त, गणितातले भाज्य-भाजक, सगळे सख्खे. (भजी नव्हे, ती 'भाजणे'च्या गोत्रातली!) संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाट्याचं अन्न, शिजवलेला तांदूळसुद्धा. आपला 'भात' तिथूनच आला. परवा भजन आटोपलं नि गोळाभात वाढला. पानावर गोळा कुस्करून त्यावर हिंगाची फोडणी ओतताना मला हाच धातू आठवत होता.

महाल : म्हणजे भक्त तो, जो भात हाणतो?

काका : हसू नको रे. पाणिनीच्या 'भक्तिः' (४.३.९५) या सूत्राच्या पुढच्याच सूत्रावर काशिकेत, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण आहे 'आपूपिक', म्हणजे ज्याची भक्ती अपुपांवर, गोड घारग्यांसारख्या पदार्थावर! पायसावर असेल तर 'पायसिक'. आणि त्याच ओळीत वासुदेवाचा भक्त 'वासुदेवक' (४.३.९८). पण ताई, धातूचा अर्थ म्हणजे वापरातला अर्थ नव्हे. आज 'भक्ती' म्हटल्यावर वाटणी कोणाच्या मनात येते?

ताई : कबूल. पण वापरच बघा ना. गीता ४.११, 'तांस्तथैव भजाम्यहम्'. इथं भजणारा खुद्द देव! त्याला 'मी पूजा करतो' म्हणायला लावाल? ९.२९ मध्ये तर 'मयि ते तेषु चाप्यहम्', ते माझ्यात नि मी त्यांच्यात. समर्थांनीही दासबोधात (४.९) 'भक्त म्हणिजे विभक्त नव्हे' अशी त्याच धातूवर कोटी केली. फोड उलट्या दिशेची, 'वाटा घेणारा' नव्हे तर 'वेगळा न उरलेला', पण वाटणीचा अर्थ त्यांच्या कानात होताच.

काका : हे पटलं. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द 'कोइनोनिया'ही भागीदारीच, भाकर मोडताना वापरलेला.

महाल : मग खोडून काय लिहू?

ताई : 'भक्तीतला साक्षात्कार'. 'साक्षात्'मध्ये अक्ष, डोळा आहे. मिटलेला नाही, उघडा.

काका : ग्रीक गुप्त विधींचा परिच्छेद येईल तिथं मात्र 'गूढ'च ठेव. तिथं खरंच तोंड बंद ठेवायची शपथ होती.