अनुभव: एकटं पडल्यावर चर्चच्या मंडळीनं कसं सावरलं?

रानजाई
परवा मजल्यावरच्या नवीन भाडेकरू मुलीनं विचारलं, "काकू, इथं मराठी उपासना कुठे होते?" आणि माझी पुण्यातली सुरुवातीची वर्षं आठवली. लग्न होऊन नेवाशाकडून आले. यांची फिरतीची नोकरी, घरी मी एकटी. गावी सगळी आळी मंडळीतली, नळावर जाईपर्यंत दहाजणांना सलाम व्हायचा. इथं "आम्ही ख्रिस्ती" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग घरी इंग्लिश बोलता का?" हळूहळू मी बोलणंच कमी केलं.
रविवारी पंचहौदच्या चर्चला जायचे, मागे बसायचे, आशीर्वाद झाला की निघायचे. मग तापानं पडले, जाणं राहिलं. एका दुपारी महिला मंडळाच्या दोघी पत्ता शोधत दारात, हातात डबा. "ना. वा. टिळकांचं भजन मागून खणखणीत म्हणणाऱ्या बाई कुठे गेल्या, असं पाळकीणबाई (पाळकसाहेबांच्या पत्नी) विचारत होत्या." मला वाटायचं, मला इथं कुणी ओळखत नाही! त्यांनी प्रार्थना केली, माझी खरकटी भांडी घासली आणि गेल्या. पुढे घरोघरची प्रार्थना सभा माझ्याकडेही व्हायला लागली. प्रभूनंच त्यांना पाठवलं, असं मी आजही मानते.
तुम्हीही लिहा. प्रवचन नको, घडलेलं लिहा.

मिरजेची सिस्टर
नाइट करून आलेय, डोळे मिटतायत, तरी लिहिते. नर्सिंगला मिरजेला होते. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला काढलेलं हॉस्पिटल ते. पहिली नाताळ घरापासून लांब, उशीत तोंड खुपसून रडले. रात्री सीनियर मुलींनी उठवलं, हातात मेणबत्ती दिली, चल वॉर्डात गायला. पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा होते, कोण कुठले, भेटायला कुणी नाही. माझा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. त्या रात्रीपासून घरी जायचा हट्ट गेला. बाकी नंतर लिहिते.

कुपारी पोर
दुबई. २००९. मंदीत निम्मी कामं बंद, पगार थकलेला. सोनापूरच्या कामगार कॅम्पात खोलीत सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही (चर्चमधली उपासना) शुक्रवारी (शनिवार-रविवार सुट्टी २०२२ पासून). ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चला कोकणी, मल्याळी, तगालोग सगळ्या भाषा कानावर पडायच्या. एकदा गेटबाहेर मागून आमच्या वसईकडच्या अस्सल सामवेदी बोलीत कुणीतरी कुणाला तरी शिवी घातली. वळून बघतो तर नंदाखालचा माणूस! मिठीच मारली. त्याच्यामुळे करामाला एका फ्लॅटवर रोजरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) जायला लागलो. माळ झाली की जेवण, आणि कुणाचा पगार अडलाय, कुणाला तिकिटाला पैसे हवेत, ते तिथंच ठरायचं. माझं घरी यायचं तिकीट त्या लोकांनी काढलं. फेडायला गेलो तर म्हणाले, पुढच्याला दे.

रानजाई
@कुपारी पोर शिवी ऐकून मिठी 😄 देव कुठल्या वाटेनं हाक मारेल सांगता येत नाही.

अबोली७१
सगळीकडे असं नसतं हो. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर एका मंडळीत वर्षभर जात होते. नुसतं सलाम, सलाम. चहाला घोळका व्हायचा आणि मी कप धरून भिंतीशी. शेवटी जाणं सोडलं. विश्वास सोडला नाही, घरी एकटीच वचन वाचायचे. पुढे भाजीवालीनं मला तिच्या वस्तीतल्या सभेला नेलं. पत्र्याची खोली, एक ढोलकी, खाली चटई. तिथं कुणी नवऱ्याचं विचारलं नाही. "ताई, जेवलीस का" एवढंच. आज तिथल्या रविवार शाळेची मुलं माझ्याकडे आहेत.

मिरजेची सिस्टर
@अबोली७१ तुम्हाला घट्ट मिठी. चहाचा घोळका मीही सोसलाय. आमच्याकडे आता नवीन माणसाशेजारी बसायला मंडळीतल्या कुणाला तरी नेमून देतात. प्रत्येक मंडळीत हे व्हायला हवं.

जुन्या वहीतून
लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ ला नारायणरावांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. आप्त म्हणत, तो गेला असंच समज. त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, मन तयार झाल्यावर. मधल्या वर्षांत त्यांनी काय सोसलं असेल, याचा मी नेहमी विचार करते. माझ्या आजीचंही थोडं असंच. माहेर तुटलं ते कायमचं. पण तिच्या अंत्यविधीला नगरची मंडळी ट्रक भरून आली होती.

सुलेखा_ठाणे
मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? २०२० च्या लॉकडाउनमध्ये हे गेले. मुलगा अमेरिकेत अडकलेला. खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती ताई रोज संध्याकाळी सातला फोन करायच्या. त्यांच्या लोकांची फोनवरून प्रार्थना चालायची, मला म्हणाल्या, नुसतं ऐकत बसा. मी बसायचे. ईस्टरला (१२ एप्रिल होता) सगळ्यांनी एकेक नाव घेतलं, त्यात यांचंही घेतलं. मी आजही देवपूजा करते आणि सातच्या फोनलाही असते.

रानजाई
सुलेखाताई, न चालायला काय झालं. वाचून डोळे भरून आले. त्या ताईंना माझा सलाम सांगा.

कुपारी पोर
हरेगावला यंदा कोण कोण? मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेला वसईहून गाडी करतोय.

जुन्या वहीतून
आम्ही प्रॉटेस्टंट, पण आई दरवर्षी म्हणते एकदा ने. श्रीरामपूरपर्यंत रेल्वेनं येऊ, पुढे जागा आहे का गाडीत?

कुपारी पोर
आईंना पुढची सीट. मेसेज करा.

अबोली७१
रानजाई, त्या मुलीला कुठली उपासना सांगितलीत? माझी भाची हडपसरला आलीय, तिलाही हवंय.

रानजाई
दोघींना या रविवारी माझ्याबरोबरच पाठवा. साडेआठला निघते, रिक्षात जागा आहे.