द्राक्षबागेची बोली सल्ल्याच्या मेसेजात चालू द्यायची का?

मणेराजुरीचा मळा: माझं मत, नको. ‘जीए शंभराला एक पुडी’ हा काय सल्ला झाला? जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक; त्याची पुडी एक ग्रॅमची येते, पाचचीही येते. शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), पाच टाकलं की ५०. फुलोऱ्याआधी तेवढं बसलं तर देठ कडक होऊन घड वेडावाकडा. ग्रॅम आणि लिटर लिहा, बाकी काव्य घरी ठेवा.

कवठ्याचं माळरान: मापाचं एकदम मान्य. पण अवस्थेला काय लिहिणार दादा? ‘पोंगा’ म्हटलं की डोळा फुगून टोक हिरवं झालंय, पान अजून उलगडलं नाही, हे बागायतदाराला समोर दिसतं. डोळे फुटावेत म्हणून लावायच्या पेस्टची वेळ गेली, दावण्यावर (डाउनी, बुरशीचा रोग) नजर ठेवायची वेळ आली, हेही त्यातच आलं. तारीख घालून भागत नाही. आपल्याकडं गोडी छाटणी (ऑक्टोबरच्या आसपासची, फळासाठीची) एका वेळी होतच नाही, शेजारच्या दोन बागांतही महिन्याचा फरक असतो.

अंकलीचा पूल: म्हणून दिवस मोजतात, तर तिथंही ‘४५ दिवसांची बाग’ एवढंच! खरड छाटणीनंतरचे (एप्रिलच्या आसपासची, काडी तयार करायची) ४५ असतील तर काडीत घडनिर्मिती चाललेली असते, गोडीनंतरचे असतील तर फुलोरा-सेटिंग, म्हणजे मणी धरणं.

कवठ्याचं माळरान: अहो, मे-जूनच्या मेसेजात गोडी कोण समजेल?

अंकलीचा पूल: जुना मेसेज ऑक्टोबरात पुढं ढकलणारा समजेल.

तासगावचं शेड: डिपिंगचं बोला की. बागेत डिपिंग म्हणजे वेलीवरचा घड जीएच्या द्रावणात बुडवणं, मणी ३-४ मिमी झाला की एकदा, ६-७ ला परत. आमच्या बेदाण्याच्या शेडवर तोडलेला माल बुडवतात: शंभर लिटर पाणी, अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट, दीड लिटर डिपिंग ऑइल. दोन-चार मिनिटं, मग सावलीत रॅकवर. दुकानात ‘डिपिंगचं द्या’ म्हणून पोरगं पाठवलं तर काय येईल ते नशीब.

मणेराजुरीचा मळा: हेच म्हणतोय. आणि ‘पाणी उतरलं’? मणी मऊ पडून साखर भरायला लागली, हे तुम्हाला कळतं. नवखा बागेत पाणी कमी पडलं समजून ड्रिप वाढवतो आणि मणी तडकतात.

कवठ्याचं माळरान: मग कंसात एक ओळ वाढवा. शब्द काढू नका, उद्या मुकादमाला बांधावर काय सांगणार?