तुकडेबंदी उठली म्हणून पेढे वाटणाऱ्यांना काही प्रश्न

ओढ्याकाठचा
परवा इथे एका मित्राने लिहिलं, "तुकडेबंदी गेली, शेतकरी सुटला. माझ्या जमिनीचं मी काय करायचं हे तलाठ्याने का ठरवायचं?" खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

एक तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला कायद्याने असलेली बंदी, गेलेली नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधले तुकडे फुकटात नियमित होणार, तेही शहरं, प्राधिकरणं, गावठाणालगतचा पट्टा असल्या ठिकाणी. बाकी शेतीला २०२३ ला ठरलेलं प्रमाणभूत (किमान) क्षेत्र, जिरायत २० गुंठे आणि बागायत १०, जागच्या जागी आहे. मग सुटला कोण? नियम धाब्यावर बसवून प्लॉट पाडणारा. आधी रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी बाजारमूल्याच्या, २५ टक्के भरायचे होते, मग ५ झाले, आता शून्य. पुढचा प्लॉटिंगवाला काय शिकेल? थोडं थांबा, तेही माफ होतं.

आमच्या हवेली तालुक्यातल्या शिवारात वरच्या अंगाला एकाने साडेतीन एकरांचे प्लॉट पाडले. ओढ्यात मुरूम लोटला, वर रोलर फिरवला आणि नकाशात बारा फुटी रस्ता दाखवला. आता जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी माझ्या कांद्यात. सरी तुंबून राहते, पात शेंड्याकडून पिवळी पडते, उपटून बघावं तर खाली कांदा बुळबुळीत. प्लॉटवाले म्हणतात, "आम्ही रीतसर पैसे मोजलेत." मोजले ना. पण मला कुठे दिलेत?

गुंठामंत्री
दादा, तुमच्या ओढ्याचं वाईट झालं, पण एका चोरामुळं सगळ्या गावाला दावणीला बांधू नका. हा कायदा १९४७ चा. तरी राज्यातली सरासरी धारणा १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती ती २०१५-१६ ला १.३४ वर आली. तुकडे पडायचे ते पडलेच, भावाभावांत पडले. कायद्यानं काय केलं? विकणाऱ्याला नोटरीवर, साठेखतावर, पडेल भावात विकायला लावलं.

आमची जिरायत. बाजरी, हुलगे, झालंच तर मटकी. वडिलांच्या बायपासला चार गुंठे विकले, तेव्हा दवाखान्याचं बिल भागलं. त्या वेळी हिरवं शिवार वाचवा म्हणणारा एकही माणूस पाकीट घेऊन आला नाही. फ्लॅटवाल्याला घर गहाण टाकता येतं, सोनंवाल्याला सोनं मोडता येतं, आणि आम्हीच तेवढी जमीन जपायची, कशाला? तर रविवारी सिंहगडावरून खाली बघताना साहेबांना बरं वाटावं म्हणून.

पेठेबाहेरचा
शहरवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. पुण्यात साधा वन बीएचके घ्यायला आयुष्याचं कर्ज काढावं लागतं, म्हणून माणूस लोणीकंद-वाघोलीकडे गुंठा शोधत जातो. आणि शेतकऱ्याने बिल्डरला विकूच नये, स्वतःच उतरावं. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र केली, कंपनी काढली, टाऊनशिप उभी केली. जमीनही त्यांची, नफाही त्यांचा.

गुंठामंत्री
झालं, आलं मगरपट्टा. प्रत्येक चर्चेत येतंच. साहेब, हडपसरला शहर दाराशी आलं होतं आणि भाऊबंद एका विचाराचे होते. आमच्याकडं बांधावरच्या एका बाभळीवरून आजोबांपासून दावा चालू आहे, तुम्ही कंपनी काढायला सांगताय!

माहेरवाशीण
भाऊबंद एका विचाराचे कसे होतात ते मी सांगते. बहिणींच्या सह्या घेऊन.

आमच्याकडे जमीन खडकाळ होती तोवर कुणाला आमची आठवण नव्हती. रिंगरोडचा नकाशा फिरला, भाव चढला, आणि त्या वर्षी भाऊबीजेला दोघे भाऊ जोडीने आले, साड्या घेऊन. जेवणं झाल्यावर पिशवीतून हक्कसोडपत्र निघालं. "नुसतं नावाला आहे गं, तलाठ्याला लागतं." मी म्हटलं, वाचून सही करते. त्यानंतर माहेरचा फोन बंद. धाकटीने सही दिली, तिचं माहेर चालू आहे. तेव्हा ते मालकाच्या हक्काचं गाणं जरा हळू म्हणा.

गुंठामंत्री
ताई, लग्नात खर्च कुणी केला? आईवडलांना शेवटपर्यंत कुणी बघितलं? सासरचा पण वाटा, माहेरचा पण वाटा, आणि शेतात खुरपायला कोण?

माहेरवाशीण
खुरपायला मीच होते, लग्न होईपर्यंत. आणि तुमच्या घरात आज खुरपतंय कोण, तुम्ही की वहिनी? लग्नाचा खर्च वाट्यातून वळता करा, माझी ना नाही. पण मग भावांच्या लग्नाचा, त्यांच्या बुलेटचा आणि सरपंचकीच्या इलेक्शनचाही करा.

पेठेबाहेरचा
😂 बुलेट!

काळाकोट
कायदा सांगतो, भांडण तुमचं चालू द्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः वाटा. महाराष्ट्राने हे १९९४ लाच केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली आणि वडील २००५ ला हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० ला स्पष्ट केलं. हक्कसोड नोंदणीकृतच लागतं. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोर भाऊ असो वा देव. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली जमीन असेल तर गोष्ट वेगळी, ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.

गुंठामंत्री
वकीलसाहेब, तुमच्या या कायद्यानं गावागावात बहीणभावाची तोंडं फिरली.

माहेरवाशीण
तोंडं एकरी भावाने फिरली. खडक होता तेव्हाही कायदा हाच होता.

ओढ्याकाठचा
अहो, माझा धागा ओढ्याचा होता. हक्कसोडीवर वेगळा काढा, तिथे येतो.

माहेरवाशीण
वेगळा कशाला? तुमच्या वरच्या अंगाचे साडेतीन एकर विकताना त्यांच्या बहिणींना विचारलं असतं तर कदाचित एखादी म्हणाली असती, राहू दे, ओढा आहे तिथे. हे मी सगळं खात्रीने सांगते असं नाही, बहिणीही विकतात, चांगल्या भावाने विकतात. पण निदान घाईघाईत मुरूम पडला नसता.

मांडवीपलीकडचा
गोव्यातून दोन शब्द. तुमच्याकडे निदान गुंठे मोजतात. आमच्याकडे नगरनियोजन कायद्यात १७(२) आणलं, प्रादेशिक आराखड्यातल्या 'नजरचुका' दुरुस्त करायला. एवढ्या नजरचुका निघाल्या की फळबागा आणि भातशेती धडाधड सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात, गेली. मार्च २०२५ ला हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. तोवर झोन बदलायला त्याच कायद्यातलं २०२४ चं कलम ३९अ तयार होतंच. आणि त्या घरांत गावचं कुणी राहत नाही, डिसेंबरात दिवे लागतात. मालकाचा हक्क म्हणता तो शेवटी दिल्लीच्या मालकाचा होतो.

गुंठामंत्री
दिल्लीवाला नको म्हणूनच तर कुळकायद्याचं कलम ६३ आहे, शेतकरी नसलेल्यानं शेतजमीन घ्यायची नाही. ते ठेवा, मी कधी काढा म्हटलं? (बाहेरच्यांना शेतकरी दाखला मिळवून देणारे एजंट कोण आहेत ते मला विचारू नका, त्यातले दोघं माझे मेव्हणे आहेत.)

आणि ओढ्याबद्दल, दादा, घ्या, मान्य. ओढा बुजवणाऱ्याला नागवा करून फिरवा. पण विकायचा हक्क तोडू नका, बुजवणाऱ्याचा हात तोडा.

ओढ्याकाठचा
मोठे उपकार झाले. हात तोडायला तहसीलला अर्ज दिलाय, साहेब दौऱ्यावर आहेत. प्लॉट विकून झाले, विकणारा मोकळा, आता अर्जात जाब देणार कोण? तीस प्लॉटधारक? म्हणूनच म्हणतो, आधी पाण्याची वाट आणि रस्ता जमिनीवर दाखवा, मग विका. विकू नका असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही, वर जाऊन वाचा.

काळाकोट
नुसत्या अर्जावर बसू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेताचा रस्ता अडवला किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह वळवून शेजारच्या शेतात घातला की तहसीलदारांपुढे दावा लागतो. मुदत सहा महिन्यांची, अडथळा झाला तिथून. मुरूम कधी पडला?

ओढ्याकाठचा
गेल्या दिवाळीत काम सुरू होतं.

काळाकोट
मग आजच तारखा काढा. फोटोवर तारीख असेल तर उत्तम.

नवीनसभासद
मधेच विचारतो, माफ करा. आम्ही सहा मित्रांनी यंदा जानेवारीत ११ गुंठे मिळून घेतलेत, एकच खरेदीखत, सातबाऱ्यावर सहाही नावं. एजंट म्हणाला नवीन अध्यादेशात आपोआप वेगळे होतील. होतील ना?

काळाकोट
ऑक्टोबर २०२४ नंतरचा व्यवहार त्यात बसत नाही. आज वाटप करून सहा सातबारे निघणार नाहीत, बँकही अशा सामाईकावर घरकर्ज द्यायला हात आखडते. सहापैकी एकाने हिस्सा विकायचा म्हटला की बाकी पाच अडकले. आणि सहाही जण शेतकरी आहात ना? कागद घेऊन एखाद्या स्थानिक वकिलाला दाखवा. एजंटला नको.

गुंठामंत्री
एजंट कुठला? फक्त तालुका सांग. माझ्या मेव्हण्यांपैकी नाही ना, एवढंच बघायचंय.