मदत हवी आहे: टॉकबॅक, टीटीएस, ओसीआर... कुणी साध्या मराठीत सांगेल का?

नमस्कार मंडळी. काचबिंदूमुळे बाबांची कडेची नजर गेलीय, आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. परवा त्यांच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय, म्हणजे स्क्रीन रीडर) सुरू केलं आणि घरात गोंधळ! एकदा बोट लावलं की फोन नुसतं नाव वाचतो, उघडायला दोनदा टकटक करायचं, पान सरकवायला दोन बोटं. हे कळेपर्यंत मलाच ते बंद करता येईना. शेवटी आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली, तेव्हा सुटका झाली.

आता माझा घोळ शब्दांचा. स्क्रीन रीडर पडद्यावरचं वाचतो आणि बोटांच्या खुणाही बदलतो, एवढं समजलं. मग सेटिंगमधलं ‘टेक्स्ट टू स्पीच’ (टीटीएस, लिहिलेलं बोलून दाखवणारं) वेगळं का? पेपरचा फोटो काढून वाचून घेतात ते ओसीआर यातच येतं, की वेगळं ॲप घ्यायचं?

दुसरं, बाबांच्या बँकेच्या ॲपमध्ये नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं. कुठलं बटण, देव जाणे. तक्रार लिहिताना या दोषाला काय म्हणायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करावा का? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय, त्यावर दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे.

आणि हो, बाबांची मुख्य तक्रार: “ही बाई मराठी हिंदीसारखं वाचते.” चांगला मराठी आवाज कुठून घ्यायचा?