मदत हवी आहे : जाहिरातीतली सोय गेममध्ये नाही आणि दोन तासांची मुदतही उलटली. रिफंड मिळेल का?

धायरीकर

नमस्कार मंडळी. गेम हा माझा प्रांत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे. फेब्रुवारीत नवले पुलाजवळ त्याच्या गाडीला मागून टेम्पोने उडवलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची नस दुखावली. बोटं हलतात, जोर नाही. फिजिओथेरपी चालू आहे आणि डॉक्टर म्हणतात वर्ष तरी धरून चाला. अपघाताआधी तो आणि कॉलेजचे चार मित्र रोज रात्री ऑनलाइन खेळायचे. आता ते खेळतात आणि हा हेडफोन लावून नुसता त्यांचं बोलणं ऐकतो. दाराबाहेरून ते बघवत नाही.

एप्रिलमध्ये त्याच्या एका मित्राने एका नव्या गेमचं पान दाखवलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की सगळी बटणं हवी तशी बदलता येतील आणि पूर्ण गेम एका हाताने खेळायचा वेगळा पर्याय असेल. ट्रेलरमध्येही ते दाखवलं होतं. त्या एका ओळीसाठी मी २,४९९ रुपये भरून प्री-ऑर्डर केली, माझ्या यूपीआयवरून. एरवी मी एवढे पैसे गेमवर घातले नसते.

गेम आला. पहिलं प्रकरण संपेपर्यंत सेटिंगचं पानच उघडत नाही. तेवढं पार करायला आम्ही दोघं शेजारी बसलो. डावा हात त्याचा, उजव्या बाजूची बटणं मी दाबायची. तो सांगायचा, मी चुकायचे. असे पावणेतीन तास गेले. मग सेटिंग उघडलं तर फक्त चार बटणं बदलता येतात आणि एका हाताचा पर्याय नाहीच. इकडे बघ, तिकडे बघ करण्यात आणखी तासभर गेला. डेव्हलपरच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या, चर्चेच्या पानावर उत्तर मिळालं की ‘पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये देण्याचा विचार आहे.’

त्याच रात्री रिफंड मागितला. वीस मिनिटांत नकार आला : खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा जास्त. दोन दिवसांनी बघते तर विक्रीच्या पानावरून ती ओळच काढून टाकलेली.

दुकानाचं आणि गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला एवढंच कळत नाहीये की जी गोष्ट आहे की नाही हे बघायलाच पावणेतीन तास लागतात, तिला दोन तासांचा नियम कसा लावतात? पुन्हा अर्ज करता येतो का? आपल्याकडचा ग्राहक कायदा परदेशी दुकानाला लागतो का? भाऊ म्हणतो, ‘ताई, सोड ना.’ मला सोडायचं नाही.

कळफलक

ताई, आधी एक काम करा. आता गेम उघडू नका. प्रत्येक वेळी उघडलात की तासांचा आकडा वाढतो आणि तोच आकडा तुमच्या विरोधात दाखवतात. भावालाही सांगून ठेवा.

दुसरं म्हणजे पुरावा. ती ओळ काढली असली तरी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाचा पत्ता टाकून बघा, जुनी तारीख जपून ठेवलेली असू शकते. ट्रेलर उतरवून ठेवा. प्री-ऑर्डरची मेल, यूपीआयची पावती, डेव्हलपरच्या ‘विचार आहे’ या उत्तराचा स्क्रीनशॉट, नकाराची मेल, सगळं एका फोल्डरमध्ये. भावाच्या मित्राने ते पान तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्यावर तारीख असते.

आता नियमाबद्दल. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने जून २०१५ मध्ये रिफंड सुरू केले : खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. प्री-ऑर्डर असेल तर हे १४ दिवस गेम आल्यापासून मोजतात. एपिक या दुसऱ्या दुकानाचंही गणित तेच. गॉग या तिसऱ्या दुकानात ३० दिवस मिळतात आणि गेम खेळलेला असला तरी चालतो. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलं की साधारण दार बंद, गेमच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. पण हे सगळे नियम ‘मला आवडला नाही’ यासाठी आहेत. कारण न विचारता पैसे परत, म्हणून मुदत कडक. तुमची गोष्ट ती नाही. तुम्हाला सांगितलेली वस्तूच मिळालेली नाही. नकार बहुतेक यंत्राने दिलाय, त्याने फक्त तास बघितले. पुन्हा अर्ज करा आणि कारणाच्या यादीत ‘मजा आली नाही’ निवडू नका. स्टीमच्या धोरणात तर लिहिलंच आहे की नियमात बसत नसलात तरी अर्ज करा, आम्ही बघू.

माझ्या मित्राने डिसेंबर २०२३ मध्ये ‘द डे बिफोर’ हा गेम घेतला होता. ७ तारखेला आला, चार दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं. कितीही तास खेळला असला तरी पैसे परत मिळाले. म्हणजे ठरवलं तर दोन तासांची रेघ ओलांडता येते.

मुठाकाठ

निराश करायचं नाही, पण दुसरी बाजूही माहीत असावी. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा मी पहिल्याच दिवशी घेतला. एकत्र खेळता येईल असं समजून घेतला होता, तसं काही नव्हतं. स्टीमने तेव्हा त्या गेमच्या पानावरच लिहिलं की नेहमीचेच रिफंडचे नियम लागू, खास सवलत नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या, त्यांनीही नोव्हेंबरमध्ये जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्णय दिला. पुढे त्याच लोकांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि जुलै २०१८ मध्ये एकत्र खेळण्याची पूर्ण सोय आली. आज तो माझा आवडता गेम आहे. थांबलात तर कदाचित तुम्हालाही ती सोय मिळेल.

धायरीकर

मुठाकाठ, तुमचं म्हणणं समजलं. पण दोन वर्षांनी त्याचा हात बरा झालेला असेल. त्याला ती सोय आत्ता हवी आहे, म्हणून तर घेतला. शिवाय ‘देऊ’ आणि ‘देण्याचा विचार आहे’ यात फार फरक आहे.

कळफलक, वेबॅकवर मार्च महिन्यातलं पान सापडलं! ती ओळ तशीच आहे. मित्राचा व्हॉट्सअ‍ॅपही मिळाला. खूप आभार.

ग्राहकमित्र

मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं काम केलंय. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी आपल्या पुण्यातच सुरू केली. त्यामुळे हा विषय निघाला की राहवत नाही.

ताई, तुम्ही दुकानाच्या नियमांवर वाद घालताय आणि तिथेच अडकताय. त्यांचं घड्याळ बाजूला ठेवा. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे आणि त्याखालचे ई-कॉमर्स नियम २३ जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

डिजिटल वस्तू या नियमांत स्पष्टपणे धरलेल्या आहेत, आणि कंपनी भारतात नोंदलेली नसली तरी ती इथल्या ग्राहकांना सातत्याने विकत असेल तर नियम तिला लागतात. रुपयांत किंमत आणि यूपीआयने पैसे घेणारं दुकान ‘आम्ही भारतात विकत नाही’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

सगळ्यात महत्त्वाचं नियम ६. वस्तू किंवा सेवा जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. तिथे ‘दोन तासांच्या आत’ असं काही लिहिलेलं नाही. तुमचं प्रकरण जवळजवळ शब्दशः यात बसतं.

तिसरं, तक्रार निवारण अधिकारी. कंपनीने तो नेमायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. सपोर्टच्या तिकिटावर घुटमळत बसू नका, पानाच्या तळाशी त्याचा ईमेल शोधा.

त्याने ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो. त्यानंतरही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात, दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते.

मुठाकाठांनी ब्रिटनचं उदाहरण दिलं, तर ऑस्ट्रेलियाचंही द्यायला हवं. तिथल्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हवर खटला भरला. ‘आम्ही तुमच्या देशात धंदा करत नाही आणि विकतो ती वस्तू नाही, सेवा आहे’ असा कंपनीचा बचाव होता. कोर्टाने तो मानला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगीही नाकारली. ते निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण युक्तिवाद करताना उपयोगी आहेत.

एक मात्र करू नका. रागाच्या भरात बँकेकडे वाद नोंदवून पैसे परस्पर ओढून घेऊ नका. अशा वेळी काही दुकानं पूर्ण खातंच गोठवतात. भावाच्या जुन्या सगळ्या गेम त्याच खात्यावर असतील.

कळफलक

हो, खात्याचं फार महत्त्वाचं. माझ्या ओळखीतल्या एकाची आठ वर्षांची खरेदी अशीच अडकली होती.

धायरीकर

ग्राहकमित्र, काय बोलू! काल रात्री बसून पत्र लिहिलं. इंग्रजीत पाठवायचंय, इथे मराठीत देते. चुकत असेल तर सांगा.

‘मी अमुक तारखेला हा गेम २,४९९ रुपयांना घेतला. विक्रीच्या पानावर आणि ट्रेलरमध्ये एका हाताने खेळण्याचा पर्याय असल्याचं लिहिलं होतं. माझ्या भावाच्या उजव्या हाताला अपघातात गंभीर इजा झाली आहे आणि त्याच एका कारणासाठी मी हा गेम घेतला. हा पर्याय गेममध्ये नाही. पहिलं प्रकरण संपेपर्यंत सेटिंग उघडत नसल्यामुळे दोन तासांत हे कळणं शक्यच नव्हतं. नंतर तुम्ही ती ओळ पानावरून काढली आहे. आधीच्या पानाची प्रत सोबत आहे. मी मत बदललेलं नाही. जाहिरातीतली वस्तू मिळाली नाही म्हणून ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे पूर्ण रक्कम परत मागत आहे. कृपया पोच द्या.’

ग्राहकमित्र

उत्तम. दोनच बदल. ‘रक्कम ज्या मार्गाने दिली त्याच मार्गाने परत करावी’ हे घाला, नाहीतर दुकानातल्याच तुमच्या वॉलेटमध्ये टाकतात. आणि ‘तुम्ही ओळ काढली’ याऐवजी ‘ओळ काढलेली दिसते’ लिहा. पान डेव्हलपर लिहितो, दुकान नाही. जे सिद्ध करता येतं तेवढंच लिहायचं.

खडकवासला

विषयाला थोडं सोडून. माझ्या वडिलांना अर्धांगवायूनंतर डावा हात चालत नाही, तरी ते रोज संध्याकाळी कार रेसिंग खेळतात. यूएसबीला जोडायची पायाने दाबायची बटणं मिळतात. आम्ही दोन घेतली तापकीर गल्लीतून, एक अ‍ॅक्सिलरेटरला आणि एक ब्रेकला. मायक्रोसॉफ्टचा अशा लोकांसाठी बनवलेला खास कंट्रोलरही आहे, महाग आहे, पण त्याला असे स्विच लावता येतात. पैसे परत येतील तेव्हा येतील, तोपर्यंत भावाला मित्रांबरोबर जुना गेम तरी खेळू दे. कुठली बटणं घेतली ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

धायरीकर

खडकवासला, तुमचा व्यनि वाचून शनिवारीच तापकीर गल्लीत जाऊन आले. मनापासून धन्यवाद. काकांना नमस्कार सांगा.

आता बातमी. पत्र पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी पोच आली. आठव्या दिवशी उत्तर आलं की ‘अपवाद म्हणून’ पूर्ण रक्कम वॉलेटमध्ये देतो. घेऊ का? भाऊ म्हणतो घे, कशाला ताणायचं.

ग्राहकमित्र

घेऊ नका. वॉलेटमधले पैसे म्हणजे त्यांच्याच दुकानात खर्च करायचे पैसे. पत्रातलं वाक्य पुन्हा पाठवा, आणि पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ वर तक्रार नोंदवणार असल्याचं नम्रपणे कळवा. ‘अपवाद म्हणून’ या शब्दांवर भांडू नका, त्यांना तो शब्द ठेवू द्या.

मुठाकाठ

मी आधी थांबा म्हणालो होतो ते मागे घेतो. त्या वेळी मलाही असा कुणी सल्ला द्यायला हवा होता.

धायरीकर

मंडळी, काल संध्याकाळी २,४९९ रुपये खात्यावर जमा झाले. १९१५ वर फोन करायची वेळ आली नाही.

डेव्हलपरलाही वेगळी मेल केली होती, की हा पर्याय केलात तर कळवा, आम्ही परत विकत घेऊ. त्यांचं काल उत्तर आलं. काम चालू आहे म्हणतात, आणि चाचणीसाठी एका हाताने खेळणारी माणसं हवी आहेत, भाऊ येईल का असं विचारलंय. तो सकाळपासून त्यांना उत्तर लिहितोय, डाव्या हाताने टाइप करत. पायाची दोन बटणं टेबलाखाली लागली आहेत. रात्री नऊला मित्र ऑनलाइन येणार आहेत.