आंबा उतरला की स्पेन: व्हॅलेन्सियात तीन-चार दिवस जावं का?

कलमवाला_गुहागर

नमस्कार मंडळी. मुलगी माद्रिदला मास्टर्स करतेय, जुलैत तिचं आटपतंय, त्याच्याआधी मी, बायको आणि आई असे तिघं जाऊन यायचं म्हणतोय. आंबा चालू असताना मला हलता येत नाही, त्यामुळे जूनचा पहिला-दुसरा आठवडाच काय तो हातात. माद्रिद ती दाखवेलच, पण मधले तीन-चार दिवस दुसऱ्या कुठल्यातरी एका शहरात काढायचेत. एजंट म्हणतो बार्सिलोना सोडून कुठे जाताय, आणि पोरगी म्हणते बाबा व्हॅलेन्सियाला चला, तिथे भात आहे, मासे आहेत, समुद्र आहे. आता भात, मासे आणि समुद्र बघायला गुहागरच्या माणसाने एवढे पैसे घालून विमानात बसायचं का हे तुम्हीच सांगा.

आई सत्तरीच्या पुढची, गुडघे बरे नाहीत पण हौस दांडगी. सोमवार आणि संकष्टी करते, त्या दिवशी तिला काय द्यायचं तेही कोणीतरी सांगा. म्युझियममध्ये तासन्‌तास फिरणारी माणसं आम्ही नव्हे. कोणी गेलंय का? व्हिसाचंही माहिती असेल तर लिहा.

परटवण्याची_सून

दादा, लेक बरोबर सांगतेय, ऐका तिचं. माद्रिदहून फास्ट ट्रेनने दोन तासांच्या आत व्हॅलेन्सिया, दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या आहेत, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. जी गाडी धराल ती व्हॅलेन्सियाच्या होआकीन सोरोया स्टेशनला येते, तिथून जुनं नॉर्द स्टेशन चालत दहा मिनिटांवर, ते नुसतं आत जाऊन बघा, १९१७ सालचं आहे आणि भिंतींवर सगळीकडे संत्री न संत्र्याची फुलं.

माझा सल्ला, बुधवारी दुपारी पोचा आणि शनिवारी निघा. कारण सांगते. रविवारी मर्काडो सेंट्रल, म्हणजे तिथला मोठा बाजार, बंद असतो आणि तो बंद असताना व्हॅलेन्सियाला जाणं म्हणजे फुकट गेल्यासारखं. सोमवारी आईंचा उपास, तो माद्रिदला लेकीच्या किचनमध्ये सुखाने होईल. आणि मधला गुरुवार तर हवाच, कारण दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या एका दाराबाहेर पाण्याचं कोर्ट भरतं. खरंखुरं कोर्ट हां, टुरिस्टांसाठी नाटक नाही. आजूबाजूच्या शेतांना पाणी देणारे जुने कालवे आहेत, अरबांच्या राज्यापासूनचे, त्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले आठ पंच काळे झगे घालून गोल बसतात, कोणी कोणाचं पाणी तोडलं, कोणी पाट साफ ठेवला नाही, असली भांडणं तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल. कागद नाही, वकील नाही, अपील नाही. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. बऱ्याचदा तक्रारच नसते, मग शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो, कोणी पुढे येत नाही आणि पाच मिनिटांत सगळे उठतात. आमच्या सासऱ्यांना अख्ख्या स्पेनमध्ये हेच आवडलं, गावी आल्यावर पाटाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन्ही भावकीला तेच सांगत बसले होते.

बाजाराच्या समोरच ला लोन्हा, रेशमाच्या व्यापाऱ्यांची पंधराव्या शतकातली इमारत. आत पीळ घातलेले उंच दगडी खांब, अर्ध्या तासात बघून होतं, गुडघ्यांना त्रास नाही. कॅथेड्रलचा मिगेलेते मनोरा मात्र आईंना दाखवू नका, वर जायला २०७ पायऱ्या आणि सगळ्या गोल जिन्याच्या. त्या म्हणतील चढते, आणि चढतील पण.

प्रवासी_पनवेल

मी जरा वेगळं बोलतो. पहिल्यांदा स्पेनला चाललात, परत कधी जाल काय माहीत, मग बार्सिलोनाचं ते गौदीने आखलेलं सग्रादा फमिलिया चर्च न बघता यायचं? व्हॅलेन्सिया छान आहे, मीही जाऊन आलोय, पण गौदी तो गौदी. तिकिटं ऑनलाइन आधी काढा नाहीतर दारातून परत याल, आणि खिसे सांभाळा, बस्स.

सर्जेकोटचो_पापलेट

शानी आसा तुमची पोरगी. आमी मालवणकडचे, कोण देऊळ-चर्च दाखवूक लागलो की आमचो पयलो प्रश्न, बाजार खंय? मराठीतच लिवतंय आता, नायतर अर्ध्यांका कळाचा नाय.

पनवेलकर, गर्दीत धक्के खात चर्च बघायला आई येतील का तेवढं सांगा.

तर मर्काडो सेंट्रल. १९२८ चा बाजार, वर काचेचे आणि टाइल्सचे घुमट, त्यातल्या मासळीवाल्या भागाच्या घुमटावर वारा दाखवायला तलवारमासा बसवलाय. सकाळी लवकर जा, दुपारी तीनच्या सुमारास आवराआवर होते. मासे खाली बर्फावर मांडलेले, वास नाही, आरडाओरडा नाही, घासाघीस तर नाहीच, आमच्या बायकोला आधी ते बाजारासारखं वाटेचना. जूनमध्ये जाताय म्हणजे क्लोचिना नक्की खा, हे तिकडचे शिनाणे, म्हणजे शिंपले, स्पेनच्या उत्तरेकडचे मोठे येतात त्यापेक्षा बारके पण चव जास्त, मे ते ऑगस्टच मिळतात. नुसते वाफवतात, लिंबू, मिरी, संपलं. मी मनातल्या मनात ओलं खोबरं शोधत होतो ते सोडा.

पाएया म्हणजे पसरट कढईतला तिकडचा भात, त्याबद्दल नीट ऐका कारण इथे सगळे फसतात. खरी व्हॅलेन्सियाची पाएया माशांची नसते. कोंबडी, ससा, रुंद हिरव्या शेंगा, तिकडचे मोठे पांढरे वाल, कधीकधी गोगलगायी. ससा चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधी विचारा. तुम्हाला मासे हवेत तर आरोस आ बांदा मागवा, माशाच्या रश्श्यात शिजवलेला भात. सोललेली कोळंबी वगैरे घातलेला हवा असेल तर आरोस देल सेन्योरेत, आईंना सोलत बसायला नको. पाएया दुपारची खायची, रात्री फोटोवाला बोर्ड लावून विकतात तिकडे जाऊ नका. बहुतेक ठिकाणी निदान दोघांची ऑर्डर लागते आणि अर्धा तास तरी थांबावं लागतं, थांबा. तळाला धरलेली खरपुडी तिथे मानाची, ती सोडून उठलात तर वेटर बघत राहतो.

एक दिवस अल्बुफेराला. शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर गोड्या पाण्याचं मोठं तळं, मध्ये वाळूची पट्टी आणि पलीकडे समुद्र, बाकी सगळ्या बाजूंनी भातशेती. जूनमध्ये खाचरं पाण्याने भरलेली असतात आणि रोपं हिरवी. लावणी नाही करत, मेमध्ये पाण्यातच बी टाकतात. २४ नंबरची बस एल पाल्मार गावापर्यंत जाते, तिथे होडीवाले फिरवून आणतात, संध्याकाळची वेळ धरा, जूनमध्ये तिकडे नऊ-साडेनऊला सूर्य मावळतो. गावातल्या मच्छीमारांत तळ्यातल्या मासेमारीच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटतात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथली खासियत आयी पेब्रे, लसूण आणि लाल तिखटाच्या रश्श्यातली वाम. वाम म्हणजे गोड्या पाण्यातली, आपल्याकडची नव्हे. तिखट असं नावालाच, पण रस्सा पावाबरोबर फस्त होतो.

आणि काबान्याल. समुद्राजवळची जुनी मच्छीमारांची वस्ती, बुटकी घरं, बाहेरून रंगीत टाइल्स. होआकीन सोरोया म्हणजे ज्याच्या नावाचं ते स्टेशन तो चित्रकार, जन्म १८६३, व्हॅलेन्सियाचाच. त्याने ह्याच किनाऱ्यावरच्या होड्या बैलांनी ओढून बाहेर काढतानाची चित्रं काढलीत. तुम्ही म्युझियमवाले नाही हे वाचलं, तरी तिथल्या बेयास आर्तेस म्युझियममध्ये त्याची काही चित्रं आहेत आणि फुकट आहे, तासभर काढा. आमच्या काकांनी लहानपणी रापणीचं जाळं ओढलं होतं, ते त्या चित्रांसमोरून हलेनात.

वाशिष्ठीचा_गाळ

सगळे खाण्यावर उतरलेत म्हणून मी नदीचं लिहितो, चिपळूणचा माणूस म्हटल्यावर दुसरं काय लिहिणार.

व्हॅलेन्सियाच्या मधून तुरिया नदी वाहायची. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये पूर आला, शहर बुडालं, ऐंशीच्या वर माणसं गेली. मग त्यांनी काय केलं तर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली, नवीन मोठं पात्र खणून. मोकळं पडलेलं जुनं पात्र हायवेसाठी वापरायचा बेत होता, लोकांनी सत्तरच्या दशकात आंदोलन केलं की नदी आमची आहे, हिरवी ठेवा. आज तिथे नऊएक किलोमीटरची सलग बाग आहे, जुने दगडी पूल तसेच डोक्यावर आणि खाली झाडं, सायकली, फुटबॉल. सपाट आहे, दर थोड्या अंतरावर बाक, आईंना उत्तम. बागेच्या समुद्राकडच्या टोकाला कालात्रावा नावाच्या आर्किटेक्टच्या पांढऱ्या इमारती, तिथलं ओशनोग्राफिक मत्स्यालय मोठं आहे पण माणशी तीसेक युरोच्या वर तिकीट. मासे ताटात बघायचे असतील तर तो खर्च वाचवा, बाहेरून इमारती बघायला काही पडत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२४ च्या २९ ऑक्टोबरला परत भयानक पाऊस झाला, मुख्य शहर त्या नव्या पात्रामुळे बरंचसं वाचलं, आणि नव्या पात्राच्या पलीकडची पायपोर्तासारखी गावं पोयो नावाच्या ओढ्याच्या पुराने झोपली. दोनशेच्या वर माणसं गेली. मोबाइलवर धोक्याचा मेसेज आला तेव्हा कित्येक ठिकाणी पाणी घरात शिरलेलं होतं, त्यावरून पुढे कितीतरी महिने मोर्चे निघत होते. बागेत फिरताना हे डोक्यात ठेवा एवढंच. आपल्याकडे पुराची निळी रेषा लाल रेषा करत बसलेल्यांना तिथे नेऊन आणायला पाहिजे, पण ते गेले तर बार्सिलोनाला जातील.

कलमवाला_गुहागर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. गाळसाहेब, माझं दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत आहे, २२ जुलै २०२१ ला माळ्यापर्यंत पाणी होतं, त्यामुळे तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. ती बाग बघणार हे नक्की. बायकोचं मत कोर्टाला आणि बाजाराला, म्हणजे बुधवार ते शनिवार पक्कं. पनवेलकर, गौदी पुढच्या खेपेला.

दोन प्रश्न राहिले. संकष्टी नेमकी त्या दिवसांत आली तर? आणि व्हिसा.

परटवण्याची_सून

संकष्टीचं आधी. ओर्चाता प्यायला न्या त्यांना. चुफा नावाचा बारीक कंद भिजवून वाटून काढलेलं गार पांढरं पेय, त्यात दूध नाही धान्य नाही, पाणी आणि साखर. मेट्रोने अल्बोरायाला गेलात तर तिथे शेतंच चुफाची. माझ्या मते उपासाला चालावं, पण शेवटचा शब्द आईंचा. त्याच्याबरोबर फार्तोन म्हणून लांब गोड पाव देतात तो उपासाला नाही, तो तुम्ही खा. बाजारातून फळं भरपूर घ्या. एक अडचण आहे, जूनमध्ये तिकडे चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तेव्हा उपास सोडायचा कसा ते त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

नुसत्या शाकाहाराच्या दिवशी सांगताना मांस नको एवढं पुरत नाही. भाजीच्या डिशमध्ये हॅमचे तुकडे आणि सॅलडवर टूना हमखास येतो. हॅम नको, टूना नको, असं नाव घेऊन सांगायला लेकीला सांगा. भाज्यांची पाएया मिळते, पण रस्सा कशाचा ते विचारून घ्या.

व्हिसा: शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, मोठ्यांना फी ९० युरो आणि वर सेंटरचा चार्ज. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, जूनसाठी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा, उन्हाळ्याच्या तोंडाला मिळत नाहीत. बोटांचे ठसे द्यायला तिघांनाही स्वतः सेंटरला जावं लागेल, गेल्या पाच वर्षांत शेंगेनसाठी दिले असतील तर वेगळं. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा. लेकीच्या खोलीवर राहणार असं दाखवलंत तर तिकडच्या पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढायची भानगड असते, त्यापेक्षा हॉटेलं बुक करा, पैसे परत मिळणारी. आयटीआर, बँक स्टेटमेंट, दुकानाचे कागद आणि बागेचा सातबारा इंग्रजी करून जोडा, आम्ही जोडला होता.

सर्जेकोटचो_पापलेट

आणि जेवणाच्या वेळा लक्षात ठेवा. दुपारी दोनच्या आधी आणि रात्री नऊच्या आधी धड जेवण मिळत नाही, आईंना भूक लागली तर सकाळी दहा-अकराला तिकडे लोक मोठा भरलेला पाव, ऑलिव्ह, शेंगदाणे घेऊन बसतात त्यात घुसा. आमी दोन दिवस बिस्किटांवर काढले, मगे कळला.